केबलची नोंद टाइपसकट कशी ठेवायची: कोकणातल्या नेटवर्क टीमचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत केबल टाकणारा एक, जोडणारा दुसरा, नोंद करणारा तिसरा आणि त्या नोंदीचं सॉफ्टवेअर लिहिणारा बहुतेक वेळा पुण्यात बसलेला चौथा. चौघांचे प्रश्न वेगळे असले तरी घोळ एकाच ठिकाणी होतो, म्हणून उत्तरं एकत्र दिली आहेत. सलग वाचायची गरज नाही. पण लांबीचा प्रश्न वगळू नका.

केबलला 'टाइप' द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आपल्या नोंदीत प्रत्येक केबल ही एक रिसोर्स आहे. तिला स्वतःचा ओळख क्रमांक असतो, स्थिती असते आणि इतर रिसोर्सशी नातं असतं. टाइप सांगितला की सॉफ्टवेअरला कळतं, हिच्याबद्दल कोणती माहिती असलीच पाहिजे, कोणती असूच शकत नाही आणि कोणता आकडा कोणत्या एककात व कोणत्या मर्यादेत बसतो. ऑप्टिकल फायबर केबल म्हटली की फायबरची संख्या, ट्यूबची रचना आणि फायबरचा वर्ग (जी.६५२.डी सारखं आंतरराष्ट्रीय प्रमाणातलं नाव) हवाच. लूप रेझिस्टन्स (तांब्याच्या तारांच्या जोडीचा विद्युत रोध) तिथे विचारायचाच नाही. कोणी फायबर केबलच्या नोंदीत '७५ ओहम' लिहिलं तर ती नोंद सेव्हच होता कामा नये.

एका खऱ्याखुऱ्या तुकड्याची नोंद साधारण अशी दिसते:

टाइप: ऑप्टिकल फायबर केबल
मूळ टाइप: भौतिक रिसोर्स
स्पेसिफिकेशन: २४ फायबर, आर्मर्ड, ४ ट्यूब × ६ फायबर, जी.६५२.डी
आवरणावरची पहिली खूण: १२०४ मीटर
आवरणावरची शेवटची खूण: ३१८९ मीटर
आवरणाची लांबी: १९८५ मीटर (खुणांवरून काढलेली)
टाकल्याची तारीख: माहीत नाही
कार्यस्थिती: चालू
वापरस्थिती: वापरात, काही फायबर शिल्लक

यातल्या 'खुणांवरून काढलेली' आणि 'माहीत नाही' या दोन नोंदींकडे लक्ष द्या. खाली त्यांच्याबद्दल बरंच आहे.

एक्सेलमध्ये सगळं होतंच की. मग हा खटाटोप कशाला?

एक्सेलच्या 'लांबी' या एका कॉलममध्ये '२.१', '२१००', 'अंदाजे दोन किमी', '२१०० लूप धरून' आणि 'लाइनमनला विचारा' हे सगळं गुण्यागोविंदाने नांदतं. माणूस वाचतो तेव्हा तो संदर्भ लावून घेतो. पण रात्री दोन वाजता लिंक गेल्यावर माणूस वाचत नसतो. प्रोग्राम त्या कॉलमची बेरीज करून सांगतो की फॉल्ट अमुक ठिकाणी आहे, आणि टीम पावसात तिथे जाऊन उभी राहते.

स्पेसिफिकेशन एकीकडे आणि केबल दुसरीकडे असं का ठेवलंय? एकाच नोंदीत का नाही?

या सगळ्या मॉडेलचा कणा हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

कारखान्याने दिलेलं वचन, जमिनीत पडलेला तुकडा आणि त्या तुकड्यावर एका दिवशी घेतलेलं माप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वचन असं असतं: क्लॅडिंगचा (फायबरच्या गाभ्याभोवतीच्या काचेच्या थराचा) व्यास १२५ मायक्रॉन, १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला क्षय (वाटेत प्रकाश कमी होण्याचं प्रमाण) दर किलोमीटरला इतक्या डीबीपेक्षा (डेसिबलपेक्षा) जास्त नाही, वाकवण्याची किमान त्रिज्या इतकी. हे त्या मॉडेलच्या प्रत्येक ड्रमला लागू असतं, म्हणून एकदाच, स्पेसिफिकेशनमध्ये लिहायचं. तुकडा म्हणजे ड्रम क्रमांक, खुणा, कुठून कुठे गेला, कधी टाकला. आणि माप म्हणजे अमुक तारखेला, अमुक यंत्राने, अमुक तरंगलांबीला, अमुक टोकाकडून घेतलेला आकडा.

तिन्ही एका ओळीत कोंबले की काय होतं पाहा. स्पेसिफिकेशनमधला ०.३५ डीबी/किमी आणि मोजलेला ०.४१ डीबी/किमी एकाच खान्यात येतात. शेवटी लिहिणारा जिंकतो आणि आधीचा पुसला जातो. मग केबल बिघडत चालली आहे का, हे कळायला मार्गच उरत नाही, कारण तुलना करायला जुनं काही शिल्लक नसतं. आमचा आग्रह एवढाच: माप कधीही केबलच्या नोंदीवर लिहू नका. मापाची स्वतःची रिसोर्स करा आणि ती केबलला जोडा. मापं साचू द्या. जागा फार लागत नाही.

लांबीला तीन-तीन खाने का? लांबी ती लांबी.

नाही ना. केबलला निदान तीन लांब्या असतात आणि त्या कधीच सारख्या नसतात.

मार्गाची लांबी म्हणजे रस्त्याच्या कडेने, पुलावरून, पाखाडीवरून चालत गेलात तर पडणारं अंतर. आवरणाची लांबी म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली केबल. ती नेहमी मार्गापेक्षा जास्त, कारण प्रत्येक जॉइंटला दोन्ही बाजूंची काही मीटर केबल गुंडाळून (लूप करून) ठेवलेली असते. शिवाय चढ-उतार असतात, खड्ड्यात उतरणं आणि वर येणं असतं. तिसरी फायबरची लांबी. केबलच्या आत ट्यूब सरळ जात नाहीत, मधल्या दांड्याभोवती पीळ घेत जातात, आणि ट्यूबमध्येही फायबर थोडा सैल असतो. म्हणून फायबर आवरणापेक्षा लांब भरतो. किती, ते केबलच्या रचनेवर अवलंबून. उत्पादकाकडून तो गुणक मागून घ्या आणि स्पेसिफिकेशनमध्ये लिहा.

ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून परत येणाऱ्या उजेडावरून अंतर आणि नुकसान काढणारं यंत्र) मोजतो ती तिसरी लांबी. लाइनमन चालतो ती पहिली.

एक हिशोब करून बघू. ओटीडीआरने ८६४० मीटरवर तुटल्याचं दाखवलं. गुणक १.०२ धरला तर आवरणाची लांबी आली सुमारे ८४७० मीटर. वाटेत चार जॉइंट, प्रत्येकी २० मीटरचा लूप, आणि एक्स्चेंजमध्ये ३० मीटर गुंडाळी, असे ११० मीटर वजा केले. उरले ८३६०. म्हणजे यंत्रावरचा आकडा आणि जागा यांत २८० मीटरचा फरक. कोकणात २८० मीटर म्हणजे पऱ्याच्या पलीकडची वाडी. जून-जुलैत तो पऱ्या ओलांडायचा म्हणजे साकवापर्यंत मागे फिरणं आलं.

यंत्राच्या सेटिंगची गोम वेगळीच. ओटीडीआर वेळ मोजतो आणि अपवर्तनांकावरून (काचेत प्रकाश किती मंदावतो त्या आकड्यावरून) अंतर काढतो. जी.६५२ फायबरचा हा आकडा १५५० नॅनोमीटरला साधारण १.४६८ असतो. यंत्रात कोणी १.४७५ ठेवून दिला असेल तर याच ८६४० मीटरवर ४० मीटरची चूक होते. म्हणून मापाच्या टाइपमध्ये 'वापरलेला अपवर्तनांक' हा खाना अनिवार्य ठेवलाय. काहींना तो जाच वाटतो. वाटू द्या.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये मार्गलांबी, आवरणलांबी आणि फायबरलांबी हे तीन वेगळे टाइप आहेत, एकाच 'मीटर'चे तीन खाने नव्हेत. मार्गलांबीत फायबरलांबी मिळवायला गेलात तर कंपायलर तिथेच अडवेल. रूपांतर करायचं तर गुणक आणि लूपची यादी देणाऱ्या फंक्शनमधूनच करावं लागेल.

आवरणाची लांबी थेट का लिहायची नाही? खुणा कशाला?

आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. ड्रम शून्यापासून सुरू होईलच असं नाही, आणि केबल उलट बाजूने टाकली असेल तर आकडे उतरत जातात. दोन्ही टोकांच्या खुणा लिहिल्या की लांबी आपोआप निघते. वर, मध्येच खड्डा खणला आणि आवरणावर २४१७ दिसलं, तर आपण कुठल्या टोकापासून किती आत आहोत हेही लगेच कळतं. नुसती '१९८५ मीटर' ही नोंद त्या खड्ड्यात काहीच कामाची नाही.

क्षयाचा एकच आकडा का चालत नाही?

कारण तरंगलांबीशिवाय त्या आकड्याला अर्थच नाही. जी.६५२.डी फायबरचा क्षय १३१० नॅनोमीटरला साधारण ०.३५ डीबी/किमी, तर १५५० ला ०.२० ते ०.२२. 'क्षय: ०.३' एवढंच लिहिलं असेल तर ते एका ठिकाणी उत्तम आणि दुसऱ्या ठिकाणी काळजीचं कारण. त्यामुळे इथला टाइप सुटा आकडा नसून जोडी आहे: तरंगलांबी आणि त्या तरंगलांबीचा क्षय.

याचा एक मोठा फायदा फील्डवर होतो. केबल कुठेतरी जास्त वाकली असेल तर १५५० ला नुकसान १३१० पेक्षा स्पष्ट जास्त दिसतं, १६२५ ला त्याहूनही जास्त. स्प्लाइस (दोन फायबरचा जोड) खराब असेल तर दोन्हींकडे जवळपास सारखं दिसतं. दोन तरंगलांब्यांची मापं नीट टाइप करून ठेवली असतील तर 'इथे केबल दबली आहे की जोड कच्चा आहे' हे ऑफिसातूनच सांगता येतं. घरातल्या वायरिंगसाठी जी.६५७ वर्गाचे फायबर वापरतात ते याच वाकण्यामुळे. ए१ ला १० मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वाकवता येतं, ए२ ला ७.५ पर्यंत.

आणखी एक, एकक सांभाळा. डीबी/किमी हा केबलचा गुण आहे, डीबी हे एका तुकड्याचं किंवा जोडाचं नुकसान. दोन्ही 'डीबी'च म्हणतात बोलताना. टाइपमध्ये वेगळे ठेवा.

स्प्लाइसचं नुकसान ऋण येतंय. व्हॅलिडेशनने नाकारायला नको का?

नको! पुण्यातल्या मंडळींनी हे खास वाचावं.

दोन वेगळ्या ड्रमचे फायबर जोडले आणि त्यांचा मोड फील्ड व्यास (फायबरमध्ये प्रकाश पसरतो त्या भागाचा व्यास) किंचित वेगळा असला, तर ओटीडीआर एका बाजूने जोडावर नुकसानाऐवजी फायदा दाखवतो. उजेड वाढत नाही, परत येणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण बदलतं एवढंच. एका टोकाकडून −०.०८ डीबी आणि दुसऱ्या टोकाकडून +०.२० डीबी आलं तर खरं नुकसान त्यांची सरासरी, ०.०६ डीबी. म्हणून 'एकतर्फी माप' आणि 'दुतर्फी सरासरी' असे दोन टाइप हवेत. पहिल्यात ऋण आकडा चालतो, दुसऱ्यात तो आला तर शंका घ्या. सरसकट 'शून्याच्या वर' असा नियम घातलात तर स्प्लायसर खरं माप टाकूच शकत नाही. मग तो ०.०५ लिहून मोकळा होतो. सगळ्या जॉइंटवर ०.०५ दिसायला लागलं की समजा, नियम चुकलाय, माणसं नाहीत.

फायबर नंबर १३ म्हणजे कोणता रंग?

रचना सांगितल्याशिवाय उत्तर नाही. बारा रंगांचा क्रम ठरलेला आहे: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, अक्वा. ट्यूबलाही हाच क्रम. आता २४ फायबरची केबल ४ ट्यूब × ६ फायबर अशी असेल तर तेरावा फायबर हिरव्या ट्यूबमधला निळा. २ ट्यूब × १२ अशी असेल तर नारिंगी ट्यूबमधला निळा. एका बाजूची केबल एका रचनेची, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या रचनेची, आणि जॉइंटवर 'तेराला तेरा' जोडायचं ठरलं, की अर्धा दिवस गेला.

म्हणून आपण क्रमांक साठवत नाही. ट्यूबची जागा आणि फायबरची जागा साठवतो, रंग आणि क्रमांक त्यावरून काढतो. रंग मोकळ्या मजकुरात लिहायचा खाना मुद्दामच ठेवलेला नाही, कारण 'राखाडी', 'ग्रे', 'करडा' आणि 'स्लेट' हे चारही आमच्याच जुन्या नोंदींत सापडले आहेत.

प्रत्येक फायबरची वेगळी रिसोर्स करायची का? ९६ फायबरची केबल असेल तर ९६ नोंदी?

होय, पण हाताने नाही. केबल बनवताना स्पेसिफिकेशनवरून सॉफ्टवेअरनेच ट्यूब आणि फायबर तयार करायचे. फायबर वेगळा हवा, कारण भाड्याने जातो तो फायबर, तुटतो तो फायबर, मोजतो तोही फायबरच. ट्यूबची स्वतंत्र रिसोर्स केली नाही तरी चालेल असं काहींचं मत आहे. मिड-स्पॅनला (केबलच्या मधल्याच जागी) एकच ट्यूब कापून बाकीच्या अखंड सोडल्या जातात, ते बघता आम्ही ट्यूब ठेवतो. फायबरवरून जाणारी तरंगलांबी किंवा ग्राहकाची लिंक ही मात्र लॉजिकल रिसोर्स. तिला मीटर नसतात, व्यास नसतो.

कोणत्या फरकासाठी नवा टाइप करायचा?

खाने बदलत असतील तर नवा टाइप. नुसता आकडा बदलत असेल तर नाही. '२४ फायबर केबल' आणि '४८ फायबर केबल' असे दोन टाइप करू नका, तो एकाच टाइपमधला आकडा आहे. खांबावरची स्वयंधारी केबल मात्र वेगळा टाइप ठरते, कारण तिला कमाल स्पॅन (दोन खांबांमधलं अंतर), झोळ आणि वाऱ्याचा भार हे खाने लागतात, जे जमिनीतल्या केबलला नसतात. वारसा तीन पायऱ्यांपेक्षा खोल गेला की जरा थांबा. 'आर्मर्ड-२४-जी६५२डी-काळी-एचडीपीई' नावाचा क्लास आम्ही पाहिलेला आहे, त्याला तीन भावंडंही होती.

तांब्याच्या जुन्या केबलचं काय?

थोडक्यात सांगायचं तर तारेचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहा. ०.५ मिमी जोडीचा लूप रेझिस्टन्स साधारण १७६ ओहम/किमी आणि ०.४ मिमीचा साधारण २८०. लूप म्हणजे जाऊन-येऊन दोन्ही तारा, एका तारेचा आकडा त्याच्या निम्मा. एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं अमेरिकन मोजमाप) हा आकडा मुख्य खान्यात घेऊ नका. त्यात आकडा वाढला की तार बारीक होते आणि 'याहून जाड केबल शोधा' हा शोध उलटा चालतो. हवं तर लेबल म्हणून ठेवा.

टीएम फोरम या दूरसंचार उद्योगसंघटनेचं टीएमएफ ६३९ वापरतोय म्हणजे टाइपचा प्रश्न सुटला ना?

अर्धा. टीएमएफ ६३४ हा रिसोर्सच्या कॅटलॉगचा एपीआय आणि टीएमएफ ६३९ हा इन्व्हेंटरीचा, म्हणजे स्पेसिफिकेशन आणि प्रत्यक्ष वस्तू ही विभागणी तिथे तयारच मिळते. भौतिक आणि लॉजिकल रिसोर्स वेगळ्या, तीही सोय आहे. टाइप, मूळ टाइप आणि स्कीमाचा पत्ता सांगायला ठरलेले खाने आहेत. पण गुणधर्म मात्र नाव-मूल्य अशा जोड्यांत येतात, आणि आळस केला तर त्या जोडीत 'क्षय: चांगला आहे' हेही बसतं. त्या जोड्यांना आपली स्कीमा लावण्याचं काम आपलंच.

स्थितीच्या बाबतीत मात्र जसं आहे तसं घ्या, स्वतःचे शब्द काढू नका. आयटीयू-टी एक्स.७३१ या आंतरराष्ट्रीय दूरसंचार प्रमाणापासून चालत आलेल्या तीन वेगळ्या स्थिती आहेत: प्रशासकीय (वापरायला परवानगी आहे का), कार्यस्थिती (चालते का) आणि वापरस्थिती (रिकामी, वापरात पण जागा आहे, की पूर्ण भरली). 'केबल बंद' असं कोणी फोनवर सांगितलं तर आधी विचारा, तुटली, की आपण बंद ठेवली, की तिच्यावर काही चालतच नाही.

खारी हवा, उंदीर, जांभा, पूल: हे केबलचे गुणधर्म मानायचे का?

बहुतेक नाहीत. हे मार्गाच्या तुकड्याचे गुणधर्म. एकच केबल एक्स्चेंजमधून डक्टमध्ये (जमिनीतल्या प्लास्टिकच्या नळीत) जाते, पुढे खाडीपुलावर लोखंडी पाइपातून, मग सड्यावर जांभा फोडून, आणि शेवटी वाडीत विजेच्या खांबावरून. खोली, संरक्षण, समुद्रापासूनचं अंतर हे तिच्या प्रत्येक तुकड्याला वेगळं. आपल्याकडे केबलची रूढ खोली १.६५ मीटर, पण सलग कातळ लागला की तेवढं खणणं होत नाही. मग कमी खोलीवर लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचं संरक्षण देतात. म्हणून खोली आणि संरक्षण हे दोन खाने जोडीने येतात. खोली कमी आणि संरक्षण रिकामं असेल तर सॉफ्टवेअरने विचारायला हवं.

केबलचा स्वतःचा गुणधर्म म्हणजे आर्मर आहे का, आणि तिच्यात धातू आहे का. धातूचा खाना साधा हो/नाही असला तरी दोन ठिकाणी उपयोगी पडतो. स्टीलच्या पट्टीमुळे उंदरांपासून बचाव होतो, पण वीज पडणाऱ्या सड्यावर तीच पट्टी अर्थिंगचं काम वाढवते. उलट पूर्ण बिनधातूची केबल जमिनीत लोकेटरने सापडत नाही, सोबत वेगळी तार टाकली असेल तरच सापडते. चौपदरीकरणाचं काम सुरू असलेल्या महामार्गालगत हा खाना रिकामा ठेवणं परवडत नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर गेलं आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. वादळानंतर शोधायचे असतात ते खांबावरचे किनाऱ्यालगतचे तुकडे, आणि पुरानंतर ठरावीक उंचीखालची जॉइंट क्लोजर (जोड झाकणाऱ्या बंद पेट्या). केबलचं नाव दोन्ही वेळा तेच, पण पहिल्या शोधाला 'टाकण्याची पद्धत' लागते आणि दुसऱ्याला 'समुद्रसपाटीपासून उंची'. हे केबलच्या नोंदीवर एकाच शेऱ्यात लिहिलेलं असेल तर दोन्ही शोध चालत नाहीत.

जॉइंट नकाशावर समुद्रात दिसतोय.

कोणत्या समुद्रात ते बघा. अरबी समुद्रात असेल तर जीपीएसची चूक. नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात असेल तर अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. रत्नागिरी साधारण १७.० उत्तर, ७३.३ पूर्व. जिओजेसन या नकाशा-डेटाच्या प्रमाणात (आरएफसी ७९४६, २०१६) आधी रेखांश येतो, मग अक्षांश. फोनवरचे नकाशे बहुधा उलट क्रमाने देतात. '९० पेक्षा जास्त अक्षांश नको' ही तपासणी इथे पकडत नाही, कारण ७३ हा अक्षांशही चालतो. त्यामुळे आपल्या भागाची चौकट घाला: अक्षांश १५.५ ते १९.५, रेखांश ७२.५ ते ७४.५.

माहिती नसेल तर शून्य टाकू का?

अजिबात नाही. क्षय शून्य असलेली केबल म्हणजे जगातली सर्वोत्तम केबल, आणि मार्ग निवडणारा प्रोग्राम सगळा ट्रॅफिक तिच्यावर टाकेल. 'माहीत नाही', 'मोजलेलं नाही' आणि 'लागू नाही' या तीन वेगळ्या नोंदी आहेत. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या केबलची टाकल्याची तारीख माहीत नसणं हा काही गुन्हा नाही. अंदाजाने १ जानेवारी टाकणं मात्र त्रासाचं.

अंकांबद्दल एक. मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक टाकले तर पायथनचं पूर्णांक-रूपांतर ते मुकाट स्वीकारतं, जावास्क्रिप्ट मात्र 'हा आकडाच नाही' म्हणून हात झटकते. फॉर्मने आत घेतानाच अंक एका रूपात आणावेत, म्हणजे फील्डवरच्या माणसाला कीबोर्ड बदलत बसायला नको.

केबल तुटली, मध्ये जॉइंट टाकला. आता केबल एक की दोन?

सर्वांत जास्त वाद या प्रश्नावर होतात. आमचं उत्तर: दोन. जेसीबीने तोडली त्या जागी आता क्लोजर आहे, प्रत्येक फायबरवर नवं नुकसान आहे, लूपची लांबी वाढली आहे. बऱ्याचदा मध्ये वेगळ्या ड्रमचा तुकडा घालावा लागतो, मग तीनही होतात. सर्व्हे नंबरचे पोटहिस्से पडतात तसं समजा: जुना नंबर पुसायचा नाही, त्याचे हिस्से करायचे आणि फेरफाराची नोंद तारखेसह ठेवायची. जुन्या केबलची रिसोर्स 'निवृत्त' होते, नव्या तुकड्यांशी तिचं 'यापासून झाली' असं नातं राहतं, जुनी मापं तिच्यापाशीच राहतात.

ग्राहकाची लिंक मात्र बदलत नाही. ती लॉजिकल आहे, खालचे तुकडे बदलले तरी तिचा क्रमांक तोच. बिलिंगवाल्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रत्येक कटनंतर त्यांचा फोन येतो.

हे सगळं ठेवून लिंक बजेटला फरक पडतो का?

पडतो. लिंक बजेट म्हणजे वाटेत एकूण किती नुकसान चालेल याचा हिशोब. क्लास बी+ जीपॉनला (एका फायबरवरून अनेक घरांना जोडणी देणाऱ्या पद्धतीला) २८ डीबी मिळतात. १४ किलोमीटर फायबर १३१० नॅनोमीटरला ०.३५ ने ४.९ डीबी, सात स्प्लाइस ०.१ ने ०.७, चार कनेक्टर ०.५ ने २.०, एकास बत्तीस स्प्लिटर १७.५. बेरीज २५.१, शिल्लक २.९ डीबी. यातला प्रत्येक आकडा कुठून आला, स्पेसिफिकेशनमधून की मापातून, हे टाइपवरून दिसतं. सगळे स्पेसिफिकेशनचे असतील तर ती २.९ कागदावरची आहे. पुढच्या वर्षी दोन कट झाले की त्यातली किती उरली हे मापांनीच सांगायचं.

जुना डेटा या मॉडेलमध्ये बसत नाही. नाकारायचा का?

पहिल्या फेरीत नाकारू नका, बाजूला 'तपासायचं' अशा रांगेत ठेवा आणि कारण लिहा. नव्या नोंदींना मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण नियम. दोन्हींना एकच ढिला नियम लावला तर रांग कधीच संपत नाही. रांगेचा क्रम पावसाआधी लावा: आधी पुलावरचे आणि नदीकाठचे तुकडे, मग बाकी.

वापरातून काढलेली केबल नोंदीतून पुसायची ना?

जमिनीतून उपसून काढली असेल तर 'निवृत्त' करा. डक्टमध्येच पडून असेल तर ती अजून भौतिक रिसोर्स आहे आणि जागा खाते. आपल्याकडच्या पीएलबी (आतून कायमचं वंगण असलेल्या) डक्टचा बाहेरचा व्यास ४० मिमी, आतला ३३ मिमी. १४ मिमी व्यासाची मेलेली केबल आतल्या छेदाचा साधारण १८ टक्के भाग अडवते. हवेच्या दाबाने नवी केबल ढकलताना ती अडचण ठरते. नोंद पुसली असेल तर डक्ट रिकामा दिसतो आणि ब्लोइंग मशीन, कंप्रेसर आणि माणसं सड्यावर पोचल्यावर कळतं. तिची प्रशासकीय स्थिती बंद करा, वापरस्थिती रिकामी करा, आणि डक्टशी असलेलं नातं आणि बाहेरचा व्यास तसेच राहू द्या.